त्र्यंबकची वही आणि गूगलचा प्लॅनर

‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’ त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलात, की आधी हेच दोन प्रश्न येतात. उत्तर दिलंत की नामावळीची जुनी वही निघते आणि पणजोबा इथे कधी येऊन गेले, ते तुमच्यासमोर हजर! दोन नेमके शब्द आणि बरोब्बर पान. कीवर्ड सर्च म्हणजे दुसरं काय असतं, बॉस?

सर्चच्या जाहिराती लावणं हे माझं रोजचं काम. त्र्यंबकमधल्या एका लॉजमालक काकांनी सांगितलं, ‘त्र्यंबकेश्वर हा शब्दच घ्या ना, सगळे तोच टाकतात.’ अगदी खरं. पण टाकतात कशासाठी? कुणाला आरती ऐकायचीय, कुणाला नाशिकहून एसटी कधी सुटते ते हवंय, कुणाला स्टेटसला लावायला फोटो हवाय. यातलं कुणीच खोली घेणार नाही, आणि क्लिकचे पैसे मात्र काकांच्या खिशातून!

प्लॅनर काय सांगतो?

गूगलची जाहिरात सेवा २००० साली अॅडवर्ड्स या नावाने सुरू झाली, २०१८ मध्ये तिचं नाव गूगल अॅड्स झालं. तिच्यातला कीवर्ड प्लॅनर २०१३ पासूनचा. एक शब्द द्या, तो त्याची भावंडं दाखवतो: महिन्याला साधारण किती जण शोधतात, कोणत्या महिन्यात शोध वाढतो, पानाच्या वरच्या भागात दिसायला अंदाजे किती बोली लागते. छोट्या खात्यांना नेमका आकडा न दिसता शंभर ते हजार असा ढोबळ पट्टा दिसतो. म्हणून आकड्याला देव मानू नका, दिशा बघा.

आणि त्यातला ‘कॉम्पिटिशन’चा रकाना नीट वाचा. त्या शब्दावर किती जाहिरातदार तुटून पडलेत, तेवढंच तो सांगतो. गिऱ्हाईक किती चांगलं, हे नाही!

खरी गंमत लांब कीवर्डमध्ये आहे. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. म्हणजे ‘नारायण नागबळी राहण्याची सोय’ शोधणाऱ्या कुटुंबाला खोली लागणारच. ‘हरिहर किल्ला मुक्काम’ शोधणारी पोरं शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार. असे शोध कमी, पण कामाचे.

सीझनही बघा. श्रावणी सोमवार, त्यातही ब्रह्मगिरीच्या फेरीचा तिसरा सोमवार, मग पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा. तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेला सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आलेखाशेजारी पंचांग ठेवायचं! सिंहस्थाचा पसारा तर याहून मोठा. जाहीर तारखांनुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. तिथे मागचा आलेख काय कामाचा? त्याआधीचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला होता.

नको ते शब्द

आता पैसे वाचवायचा फंडा. ‘फोटो’, ‘आरती’, ‘स्टेटस’, ‘टाइमटेबल’, ‘नोकरी’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही. दर आठवड्याला सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडा, लोकांनी खरंच काय टाइप केलं ते वाचा आणि यादी वाढवा. रोमन लिपीत त्र्यंबकेश्वरची स्पेलिंगं चार जण चार तऱ्हांनी करतात, तीही तपासा. आणि लोकेशन? गिऱ्हाईक त्र्यंबकमध्ये नसतं, ते मुंबई-पुण्यातल्या डेस्कवर बसलेलं असतं!

साधा हिशेब करू. समजा, रोजचे ३०० रुपये आणि क्लिकला १२ रुपये. म्हणजे २५ क्लिक. कामाच्या २५ क्लिकमागे एक बुकिंग मिळत असेल, तर एका बुकिंगचा खर्च ३००. निम्मे क्लिक फोटोवाल्यांचे निघाले, की तोच खर्च ६००. खोली १,५०० ची असेल तर हा फरक जाणवतोच. नुसती बोली वाढवूनही भागत नाही. जाहिरात आणि तिच्यामागचं पान शोधाशी जुळतं का, हेही लिलावात मोजलं जातं.

भीतीचा कीवर्ड

एक गोष्ट मात्र प्लॅनर सांगत नाही. ‘कालसर्प’ शब्द दिला, की पाठोपाठ लग्न जमत नाही, मूल होत नाही, नोकरी टिकत नाही अशी वाक्यं येऊ शकतात. धार्मिक श्रद्धा किंवा वैयक्तिक अडचण हेरून माणसाच्या मागे जाहिरात लावायला गूगलचे नियम मनाई करतात. पण सर्चमध्ये माणूस स्वतःच ते टाइप करतो. रात्री एक वाजता, एकटा.

अशा वाक्यांवर बोली लावायची का? मी लावत नाही. पूजा करणं ही ज्याची त्याची श्रद्धा. ज्याला विधी करायचाच आहे, त्याला खोली, दर, रस्ता नीट सांगणं हा धंदा झाला. ‘आजच बुक करा, नाहीतर...’ म्हणून घाबरलेल्याला गाठणं वेगळं. तुमच्या क्लायंटची पूजा नसेल, पर्सनल लोन असेल किंवा केसगळतीचं तेल असेल. प्रश्न तोच.

आणि शोधणारे आपण असू तेव्हा? सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं दिसलं, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे, एवढं लक्षात ठेवा. अॅडव्हान्स भरण्याआधी देवस्थानची अधिकृत वेबसाइट बघा, दोन फोन करा.

वहीवाले गुरुजी आधी तुमचं गाव विचारतात, पान नंतर उघडतात. सोमवारी सकाळी कॅम्पेन उघडाल, तेव्हा तोच क्रम ठेवा. आधी माणूस, मग कीवर्ड!