पोस्टरची वेळ पाळायची, तर तयारी जानेवारीत
परदेशातली परिषद : लेखांक ५

गेल्या आठवड्यात गोषवारा कसा लिहायचा ते पाहिलं. तो पाठवला की बहुतेकजण निकालाची वाट पाहत बसतात. व्हिसाचं घोडं नेमकं याच काळात पेंड खातं, म्हणून या वेळी सगळा प्रवास मांडतो. ‘युरोप’ म्हटलं की सल्ले फार ढोबळ होतात, त्यामुळे एकच शहर घेऊ या, व्हिएन्ना.

युरोपियन जिओसायन्सेस युनियनचं वार्षिक अधिवेशन २००५ पासून इथल्या ऑस्ट्रिया सेंटरमध्ये भरतं, बहुधा एप्रिलमध्ये. पंधरा हजारांहून जास्त माणसं येतात. त्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले मान्सूनवर काम करणारे लोकही असतात. रेडिओलॉजीची युरोपीय काँग्रेस फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास याच ऑस्ट्रिया सेंटरमध्ये असते, म्हणजे आपल्याकडच्या डॉक्टरांनाही ही वाट ओळखीची आहे.

पर्यटकाचं विमान चुकलं तर त्याचा एक राजवाडा बघायचा राहतो. तुमचं विमान चुकलं तर पोस्टर लावायला कुणी नसतं, आणि ती वेळ पुढे ढकलता येत नाही. तेव्हा सगळी आखणी पोस्टरच्या त्या तासापासून मागे मोजत करायची.

मागे मोजत गेलं की पहिला अडसर व्हिसाचा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात. कागदांबद्दल शंका आली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतं, आणि तोवर पासपोर्ट तुमच्या हातात नसतो. जिओसायन्सेसच्या अधिवेशनाचे गोषवारे जानेवारीत जातात आणि अधिवेशन एप्रिलमध्ये असतं. मध्ये उरणाऱ्या आठवड्यांत निकाल, नोंदणी, आयोजकांचं निमंत्रणपत्र, संस्थेचं ना-हरकत पत्र आणि व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट हे सगळं बसवायचं असतं. त्यातली अपॉइंटमेंट सगळ्यात बेभरवशाची. मार्चमध्ये उन्हाळी सहलींची गर्दी सुरू झाली की मुंबई-पुण्याच्या तारखा भराभर संपतात. म्हणून निकालाची वाट न पाहता तारीख घेऊन ठेवावी. गोषवारा नाकारला गेला तर ती सोडून देता येते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यातही घोळ होतो. नियम असा, की जिथं मुक्काम जास्त त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथं आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. व्हिएन्नात पाच दिवस आणि पॅरिसला मामेभावाकडे आठ दिवस असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो आणि परिषदेच्या पत्राचा जोर कमी होतो. परिषदेसाठी जाताना मामेभावाला थोडं आवरतं घ्यावं.

प्रौढांची फी सध्या ९० युरो आहे. प्रवास विमा निदान तीस हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा एकही दिवस न सोडणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, परतल्यानंतर तीन महिने तरी वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा मागत नाहीत.

सोबतच्या पत्रात सगळ्यात ठळक काय लिहायचं, तर खर्च कोण करणार. तिकीट संस्था देणार, नोंदणी प्रकल्पातून, राहणं पदरमोड करून, असं तीन वाक्यांत सांगावं आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद जोडावा. संशोधनाचं महत्त्व सांगणारी दोन पानं कुणी वाचत नाही.

आपल्या नावांची एक खास अडचण असते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. परिषदेच्या नोंदणीत आपण एकच लिहितो आणि विमान कंपनीला तिसरंच काहीतरी देतो. बिल्ल्यावर हवं ते नाव चालेल, पण निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट या तिन्हींवर पासपोर्टातलंच नाव, त्याच क्रमानं असू द्या.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तारखांनी हुरळून जाऊ नका. स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’च्या तारखांखेरीज दिवसांचा एक वेगळा आकडा असतो. खरी मर्यादा तोच आकडा घालतो, आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. तारखांमध्ये पंचवीस दिवसांचं अंतर आणि आकडा मात्र दहाचा, असं सर्रास असतं. शेजारच्या ब्रातिस्लाव्हात रविवार घालवायचा बेत तो आकडा बघूनच पक्का करा. स्लोव्हाकिया शेंगेनमध्येच आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

विमान निवडताना पासपोर्ट कुठं तपासला जाणार ते बघा. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर तपासणी व्हिएन्नाला होते. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर ती तिथंच, विमान बदलताना होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद सुरू केली आहे. पहिल्या नोंदणीला चेहऱ्याचा फोटो घेतात आणि रांग रेंगाळते. तासाभराचं कनेक्शन कितीही स्वस्त पडलं तरी घेऊ नका. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढण्यापूर्वीच पाहावं.

पोस्टर कागदाचं असेल तर नळी हातात ठेवा, सामानात टाकू नका. त्यापेक्षा कापडावर छापून घ्या. घडी घालून लॅपटॉपच्या पिशवीत मावतं आणि टांगल्यावर सुरकुत्या फारशा दिसत नाहीत. छापण्याआधी परिषदेनं दिलेलं माप बघा. व्हिएन्नातले फलक आडवे असतात, आणि आपल्याकडे सवय उभ्या पोस्टरची.

एप्रिलमध्ये व्हिएन्ना आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथल्या रात्री साडेआठला तुमच्या अंगाला मध्यरात्र झालेली असते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. सकाळच्या सत्रासाठी हे फायद्याचंच. वांधा होतो तो संध्याकाळच्या पोस्टर सत्रात, म्हणून एक दिवस आधी पोचा. त्या जादा रात्रीच्या भाड्यानं खिशाला कात्री लागली तरी मी ती रात्र कधीच कमी करणार नाही. कमी करायचंच असेल तर हॉटेलचा दर्जा करा.

हॉटेल परिषदेच्या जवळच हवं असाही हट्ट नको. सेंटरचं स्टेशन कायझरम्युह्लेन, भुयारी रेल्वेच्या यू-१ मार्गावर. याच मार्गावर दक्षिणेला केप्लरप्लाट्झ, रॉयमानप्लाट्झ ही फावोरिटेन भागातली स्टेशनं आहेत. तिथं खोल्या तुलनेनं स्वस्त मिळतात आणि गाडी बदलावी लागत नाही. विमानतळावरून रेलजेट पकडली की पाऊण तास वगैरे न लागता पंधराएक मिनिटांत मुख्य स्टेशन येतं, आणि तिथून यू-१ लेओपोल्डाउच्या दिशेनं थेट सेंटरला जाते. ‘कॅट’ ही हिरवी गाडी सोळा मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनला नेते, पण तिकीट महाग, आणि तिथून यू-१ साठी पुन्हा गाडी बदलायची. तिच्या वाटेला जाऊ नका. विमानतळ शहराच्या तिकीटक्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे शहराचा पास असला तरी तेवढ्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

मेट्रोच्या दारात अडवणारी फाटकं नाहीत, कुणी तिकीट विचारतही नाही, आणि परदेशी माणूस इथंच फसतो. कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल तर फलाटाकडे जाण्याआधी निळ्या पेटीत घालून शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट खिशात असणं आणि तिकीट नसणं यात तपासनीस फरक करत नाही. दंड शंभर युरोंच्या वर जातो.

शाकाहारी मंडळींची या शहरात उपासमार होत नाही. फ्रिटाटेनझुपेपासून मात्र सांभाळा. सुपात धिरड्याच्या पातळ पट्ट्या तरंगताना दिसतात, मेन्यूत मांसाचा उल्लेखही नसतो, पण खालचं पाणी गोमांसाच्या हाडांचं असतं. सूप मागवण्याआधी ते कशात शिजवलंय ते विचारायचं. चीज आणि कणकेच्या गुठळ्यांचं कॅसेश्पेट्झले पोटभर होतं, त्यावरही बेकन नाही ना एवढं विचारून घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळातून येतं, आणि मला ते बाटलीतल्यापेक्षा चांगलं लागतं.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी सहाला खरेदी आटोपते. त्यानंतर मोठ्या स्टेशनांतली काही सुपरमार्केटंच उघडी सापडतात. तापाची साधी गोळीही सुपरमार्केटात मिळत नाही, ती फक्त औषधाच्या दुकानात. नेहमीची औषधं चिठ्ठीसह घरूनच न्या. चार्जरचंही तसंच. मोबाइलचा दोन पिनांचा बहुधा बसतो, लॅपटॉपचा आपला जाड तीन पिनांचा बसत नाही. अॅडॉप्टर दादर किंवा अप्पा बळवंत चौकात घ्या, विमानतळावर नको.

कार्डानं पैसे देताना यंत्र विचारतं, युरो की रुपये. रुपये दिसले की आपला माणूस पाहिल्यासारखं वाटतं. तरी युरोच दाबा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच पाडून घेतलेला असतो. थोडी रोख जवळ असू द्या, लहान कॅफेत अजून तिचाच मान आहे. बक्षिसी टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही. बिल नऊ युरो वीस सेंटचं असेल तर पैसे देतानाच ‘दहा’ म्हणायचं.

परतल्यावरचं काम परतण्याआधीच सुरू होतं. सरकारी अनुदानातून किंवा संस्थेच्या खर्चानं गेलेल्यांना बोर्डिंग पास दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. फोनवरचा पास विमान उडालं की अॅपमधून गायब होतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करा. कागदी पासचाही फोटो काढा, त्याची शाई लेखा विभागाच्या टेबलावर पोचेपर्यंत उडते. नोंदणीची पावती, व्हिसा फीची पावती आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा. शासकीय संस्थेत असाल तर तिकीट ठरावीक अधिकृत एजंटांकडूनच काढायचं आहे का, हे बुकिंगच्या आधी लेखा विभागाला लेखी विचारा. स्वस्त मिळालं म्हणून दुसरीकडून काढलेल्या तिकिटाचा खर्च नामंजूर होऊ शकतो.

पोस्टरसमोर उभं राहून काय बोलायचं ते पुढच्या आठवड्यात. तोवर कपाटातला पासपोर्ट काढून त्याची शेवटची तारीख आणि कोरी पानं आजच बघून घ्या.