गव्हाच्या मुलखातील पथ्य

भोपाळशेजारच्या सीहोर भागातील शरबती गहू साऱ्या देशात नावाजलेला आहे. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी, सणावारी दाल-बाफले आणि रोजच्या ताटात मऊसूत पोळी, असा आमच्या ह्या शहराचा आहार. अशा गव्हाच्या मुलखात राहूनही ज्यांना गव्हाचा कणसुद्धा वर्ज्य करावा लागतो, अशी काही माणसे आहेत. श्रोतेहो, मी त्यांपैकीच एक आहे. ह्या रोगाला सिलिअॅक रोग म्हणतात.

चाळिशी उलटेपर्यंत मला ह्याची कल्पना नव्हती. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, थकवा म्हणून विश्रांती, पोट फुगते म्हणून पाचक चूर्ण, असे वर्षानुवर्षे चालले होते. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, "बाई, इतके लोह पोटात जाते, ते अंगी का लागत नाही?" ह्या एका प्रश्नाने रोगाचा माग लागला.

गहू, सातू आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. भिजवलेल्या कणकेला जो चिवटपणा येतो, तो ह्याच्यामुळेच. आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात व त्यांच्यामार्फत अन्नरस शोषला जातो. हा रोग असलेल्या माणसाच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लूटेनमुळे बिथरते आणि शत्रू समजून आपल्याच आतड्यावर हल्ला चढवते. अंकुर झिजून सपाट होतात. मग अन्न पोटात जाऊनही शरीर उपाशीच राहते. मुलांची वाढ खुंटते, जुलाब होतात, हाडे कमकुवत होतात. कित्येकांना पोटाची तक्रार मुळीच नसते. केवळ औषधाला न जुमानणारा रक्तक्षय असतो.

ह्या रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक असते. म्हणून घरात एकाला तो निघाला, तर आईवडील, भावंडे व मुले ह्यांनीही तपासून घ्यावे. आधी रक्ताची तपासणी होते आणि मग दुर्बिणीच्या साहाय्याने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहतात. मात्र ह्या तपासण्या होण्यापूर्वी गहू सोडू नये; सोडल्यास रोग असूनही तो दिसत नाही.

गव्हाचा व ह्या रोगाचा संबंध उलगडला त्याची हकिकत मोठी विलक्षण आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, माणसे भुकेने मेली. परंतु ह्या रोगाची मुले मात्र सुधारली. पुढे पाव पुन्हा मिळू लागला आणि ती मुले पुन्हा आजारली. डिके ह्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हे सर्व निष्कर्ष मांडले. ह्या रोगाचा उपाय आजही तोच आहे. तो म्हणजे जन्मभराचे पथ्य.

हा रोग परदेशी लोकांचा, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ती चुकीची आहे. आपल्या देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार उत्तर भारतात शंभरांत एकाहून थोड्या अधिक, तर दक्षिणेत हजारांत एका माणसास हा रोग आढळला. उत्तरेत गहू किती खाल्ला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या अंतराचे फारसे नवल वाटत नाही.

आता पथ्याविषयी. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया व दलिया वर्ज्य करणे हा त्यातला सोपा भाग, कारण हे पदार्थ डोळ्यांना दिसतात. खरी अडचण न दिसणाऱ्या पिठाची आहे. एका पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली, तर तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असते. रोज केवळ पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नास-साठावा हिस्सा पोटात गेला, तरी आतड्याला इजा पोहोचू शकते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. माल्टची पेये सातूपासून होतात. समोसे तळलेल्या तेलात तळलेला साबुदाणा वडाही ह्या रोग्याला चालत नाही.

एकदा एका स्नेह्यांकडे जेवायला गेले होते. वहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम ज्वारी दळून आणून गरम भाकरी केली. मी आनंदाने जेवले आणि तीन तासांत उलट्यांनी हैराण झाले. पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. चक्कीवर आधी गहू दळला होता आणि त्याचे उरलेले पीठ ज्वारीत उतरले होते. वहिनींना फार वाईट वाटले. त्यांच्या मायेत उणे नव्हते. उणे होते ते माहितीत, आणि ती आधी देणे हे माझे काम होते. तेव्हापासून मी धान्य निवडून घरच्या यंत्रावर दळते. आमच्या घरी माझे पोळपाट-लाटणे, तवा आणि चाळणी वेगळी ठेवलेली असतात.

असा अपघात झाल्यास त्यावर उतारा नाही. मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे घ्यावे, भाताची पेज घ्यावी, विश्रांती घ्यावी. उलट्या थांबत नसल्यास डॉक्टरांकडे जावे. दिवसभरात काय खाल्ले ते लिहून ठेवावे, म्हणजे चूक सापडते. एका चुकीने सर्वनाश होत नाही. परंतु "आता बिघडलेच आहे, तर आणखी एक घास खाऊ" हा विचार मात्र घातक होय. काहींना त्रास जाणवत नाही, तरीही आतडे आतून झिजतच असते.

आम्हां ख्रिस्ती लोकांत मिस्सेच्या वेळी मिळणारी पवित्र भाकर गव्हाचीच असावी लागते. तेथेही वाट निघाली आहे. अत्यल्प ग्लूटेनची भाकर किंवा केवळ द्राक्षारस घेण्याची मुभा रोमने २००३ सालच्या पत्रात स्पष्ट केली आहे. द्राक्षारसाचा प्याला मात्र वेगळा असावा लागतो. धर्मगुरूंना हे सांगताना प्रथम संकोच वाटला. सांगितल्यावर वाटले, उगीच इतके दिवस गप्प राहिले.

माझे माहेर नगरकडचे. बाजरीची भाकरी, तांदूळ, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा हे सारे ह्या पथ्याला चालते, मात्र ते निर्भेळ हवे. आजीच्या चुलीवरचे अन्न आज माझे औषध झाले आहे.

शेवटी एक कबुली. मधल्या सुटीत पोळी तशीच परत नेणाऱ्या मुलांना, अन्न टाकू नये म्हणून, मी पुष्कळदा दटावले आहे. त्यांतल्या एखाद्याला ती पोळी खरोखरच सोसत नसेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. आता वयाच्या मानाने खुजे, फिकट, सतत पोट दुखते म्हणणारे मूल दिसले, म्हणजे मी त्याच्या पालकांना बोलावते आणि एकदा रक्त तपासून घ्या, एवढेच सुचवते. आपल्या घरात, शेजारी असे मूल असल्यास आपणही तेवढेच करावे, ही विनंती.