मांडीवरची चरबी स्तनात रुजते कशी?

शरीराच्या एखाद्या जिवंत भागाचा रक्तपुरवठा पुरता तोडला, तो सिरिंजमध्ये भरला आणि भलत्याच जागी नेऊन सोडला, तर तो जगेल? जगू नये असंच कुणालाही वाटेल. पण पोटावरची, मांड्यांवरची चरबी काढून स्तनात भरण्याची शस्त्रक्रिया नेमकी याच अशक्य वाटणाऱ्या गोष्टीवर उभी आहे. आणि चरबी जगते! सगळी नाही, पण जी जगते ती कायमची तिथलीच होते.

हे किती अवघड आहे ते कळायला पुण्याजवळची एक जुनी हकिगत आठवावी. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक एका देशी वैद्यानं कपाळाच्या कातडीतून घडवलं. १७९४ मध्ये ती हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिकडचे सर्जन चकित झाले. वैद्याची खुबी अशी, की कातडी खाली वळवताना भुवयांच्या मधली एक पट्टी त्यानं जोडलेलीच ठेवली. तिच्यातून रक्त येत राहिलं, आणि कातडी रुजल्यावरच ती पट्टी कापली. चरबीला अशी पट्टी नसते. ती उपाशीच नव्या घरी जाते.

तरीही प्रयत्न झाले. जर्मनीत व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८९५ मध्ये एका स्त्रीच्या स्तनात, गाठ काढलेल्या जागी तिच्याच अंगावरची चरबीची गाठ बसवली होती. पुढे १९५० मध्ये अमेरिकेतल्या लिंडन पीअर यांनी अशा कलमांचं वजन केलं, तर वर्षभरात जवळपास निम्मं वजन गायब! कुठे गेलं ते?

उत्तर दडलंय एका मिलिमीटरच्याही आत. नव्या जागी पहिले काही दिवस चरबीला रक्तवाहिनी नसते. भोवतालच्या पेशींतून जो ऑक्सिजन झिरपेल त्यावरच गुजराण. जपानच्या कोतारो योशिमुरा यांच्या गटानं चरबीच्या कणात डोकावून पाहिलं तेव्हा तीन थर दिसले. सर्वांत बाहेरचा, जेमतेम ०.३ मिलिमीटरपर्यंतचा थर जगतो. अगदी मधला गाभा मरतो. आणि या दोघांच्या मधे काय घडतं? तिथल्या चरबीच्या पेशी दिवसभरातच दम तोडतात, पण त्यांच्याजवळच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, तग धरतात आणि पुढच्या काही महिन्यांत नव्या चरबीपेशी घडवतात. म्हणजे टिकलेल्या चरबीतला मोठा वाटा मांडीवरून आलेलाच नसतो; तो स्तनातच जन्मलेला असतो!

हे एकदा कळलं की सर्जनचं सगळं कौशल्य उलगडतं. भाताची रोपं मूठभर एकाच चिखलात खोचली तर सडतात. दोन-चार काड्या अंतरानं लावल्या तर फुटवे धरतात. चरबीचंही तसंच. बोथट, बारीक नळी आत घालायची आणि ती मागे ओढत ओढत चरबीचा धागाभर थर सोडायचा. मग दुसऱ्या दिशेनं, दुसऱ्या खोलीवर, पुन्हा. असे शेकडो फेरे. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ही चिकाटीची पद्धत रूढ केली. चरबी काढतानाही जोर कमी ठेवायचा, कारण जोरानं ओढली तर पेशी फुटतात.

मग हाव सुटते: अजून थोडी भरली तर? इथेच निकाल बिघडतो. कातडीखालची जागा मर्यादित असते. ती ठासून भरली की आतला दाब वाढतो, केशवाहिन्या चिमटतात आणि रक्तच पोचत नाही. जास्त भरलं तर कमी उरतं! म्हणून एका वेळी साधारण एका कप-मापाची वाढ मिळते. आणखी हवी असेल तर काही महिन्यांनी दुसरी बैठक. याहून मोठं वचन देणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. सुरुवातीचा फुगीरपणा बराचसा सुजेचा असतो.

नंतरचं बरंच रुग्णाच्या हातात. तंबाखू, सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही काही आठवडे बंद, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. स्तनांवर दाब नको, पालथं झोपणं नको. आणि वजन स्थिर हवं. प्रौढपणी चरबीपेशींची संख्या जवळपास तेवढीच राहते, वजनाबरोबर बदलतो तो त्यांचा आकार. स्तनात रुजलेल्या पेशीही तशाच वागतात: बाई जाड झाली की फुगतात, बारीक झाली की आटतात.

एके काळी या शस्त्रक्रियेवर संशयाची सावली होती. मेलेल्या चरबीतून तेलाच्या पुटकुळ्या आणि चुन्याचे कण उरतात. ते कॅन्सरची खूण झाकतील या भीतीनं अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं १९८७ मध्ये तिला ठाम विरोध केला. २००९ मध्ये तो विरोध मावळला, कारण स्तनांच्या तपासण्या करणाऱ्या तज्ज्ञांना बहुतेक वेळा हे कण वेगळे ओळखता येतात. त्यामुळे कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवणाऱ्या कितीतरी स्त्रियांना स्वतःचीच चरबी उपयोगी पडू लागली.

विचार करत असाल तर शस्त्रक्रियेआधी वयाला साजेशी स्तन-तपासणी करून घ्या, तिचे फोटो जपून ठेवा, आणि पुढे कधीही मॅमोग्राफी असेल तेव्हा ‘इथे चरबी भरलेली आहे’ हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.