पिवळी दोरी

सकाळी ६:१५. गर्दी व्हायच्या आत मटणाच्या दुकानात. "मॅडम, मांडीचं न्या की, ही दोरी कशाला?" चाचा दरवेळी विचारतात आणि दरवेळी काढूनही देतात. बोकडाच्या मानेतली ही पिवळट दोरी घरी आपण वातड म्हणून ताटाच्या कडेला सारतो. बोकड चरायला मान घालतो तेव्हा ती ताणली जाते. डोकं उचलताना तीच आखडते आणि स्नायूंचे कष्ट वाचवते.

८:००. मांस, चरबी खरवडणं. हाताचा वास दुपारपर्यंत जात नाही.

९:३०. तुकडे पाण्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या थोरल्या कुकरमध्ये. कोलॅजेनचं जिलेटिन होऊन विरघळतं, पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते त्यामुळेच. दोरीतलं लवचीक प्रथिन, इलॅस्टिन, मात्र शिजत नाही. पाणी बदलून हेच पुन्हापुन्हा करायचं. आज लावलेलं परवा हाती येईल.

११:००. गेल्या आठवड्यातल्या पट्ट्या यंत्रावर, ३७ अंशांच्या मिठाच्या पाण्यात. पहिली चिमट्यातून निसटली. दुसरीही. जबड्यांना सँडपेपर चिकटवला तेव्हा कुठे तिसरी टिकली. पीएचडी म्हणजे बहुतेक हे चिमटेच. दीडपट ताणायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या मी धरत नाही. पुढे ताणण्याची आणि सोडण्याची रेघ जवळजवळ एकीवर एक बसते : घातलेल्या ऊर्जेतली साधारण ९० टक्के परत. कोलॅजेनचा तंतू याहून सुमारे हजारपट ताठ, पण त्याला असं दीडपट ताणून बघा!

२:२०. जेवून आले तर एक पट्टी टिश्यूपेपरवरच राहिलेली. आक्रसून गर्द पिवळी झालेली. चिमट्याने जरा वाकवली आणि कट्! काचेसारखी तुटली. अर्धा तुकडा पाण्यात टाकला. आधी कडा फिकट झाल्या, तासाभरात तो पुन्हा लवचीक. पाण्यामुळेच रेणूंच्या साखळ्यांना वळवळता येतं. ताणल्या की त्या सरळ होतात, सोडल्या की पुन्हा गुंततात. बैलाच्या मानेतल्या याच दोरीवर रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी आणि सहकाऱ्याने १९५८ साली हे मोजलं होतं. ते वाचून मला चार वर्षं झाली, पटलं आज, त्या 'कट्'मुळे.

५:००. सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाश. न रंगवताच तंतू निळसर चमकतात. दहा मिनिटं उगाच बघत बसले.

६:४५. अकरा पट्ट्यांपैकी वहीत चार. चाचांना फोन : "उद्या तीन ठेवा."