थापा मारा, तलवार चालवा!

‘हो सर, संध्याकाळपर्यंत मेल करते,’ असं रोज चार वेळा सहज म्हणणाऱ्या आपल्या पिढीला थाप मारायला वेगळं शिकवायला नको. प्रश्न वेगळाच आहे. हीच कला हातात तलवार घेऊन, शत्रूच्या अगदी नाकासमोर उभं राहून वापरता येते का? येते. पण नुसती स्टाइल पुरत नाही बॉस, गणित लागतं.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ (२०१६) आणि नंतर ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) आल्यापासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे काय, हे फारसं सांगत बसावं लागत नाही. तरीही दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो, एक जण गेममास्टर म्हणजे जीएम होऊन बाकी सगळं जग चालवतो, आणि काय जमलं, काय फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जादू, राक्षस, खजिना, सगळं आलं.

यात नव्या माणसाला हमखास तीन पात्रं सुचतात. कुऱ्हाडवाला पैलवान, आगीचे गोळे फेकणारा जादूगार, आणि गोड बोलून गळा कापणारी तलवारबाज. तिसरं पात्र ऐकायला सॉलिड वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकदा काय होतं? दरबारात बाई टाळ्या घेतात आणि लढाई सुरू झाली की बाकीच्यांच्या डोक्यावर ओझं. शनिवारी संध्याकाळी जेमतेम चार तास मिळतात, त्यातला तासभर एखाद्या लढाईत जातो. तेवढा वेळ चौघांनी तुम्हाला का सांभाळायचं?

म्हणून मी मैना बनवताना आधी एकच गोष्ट पाहिली: हुलीची किंमत किती?

हूल, हुलकावणी. कबड्डी पाहिलेल्या कोणालाही हा शब्द समजवावा लागत नाही. चढाईपटू एका कोपऱ्याकडे पाय टाकतो, तिकडचा बचावपटू मागे सरकतो, आणि हात लागतो भलत्यालाच. पण त्या खोट्या पावलात दम खर्च होतो, वेळही जातो. गेममध्ये खर्च होते ती ॲक्शन. एका पाळीत तुम्हाला मोजक्याच ॲक्शन मिळतात. हुलीत त्या संपल्या तर मारणार कशाने?

जुन्या नियमांत नेमकं इथेच घोडं पेंड खायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००३ च्या साडेतीन आवृत्तीत हूल द्यायला जवळपास अख्खी पाळी जायची. म्हणजे आज फसवा, घाव पुढच्या पाळीत घाला. खास कौशल्य घेतलं की ती स्वस्त व्हायची, पण तरीही एका पाळीत एकच वार पदरात पडायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर सर्वांसाठी हुलीचा नियमच ठेवला नव्हता. बॅटल मास्टर नावाच्या योद्ध्याकडे ती एक खास चाल म्हणून होती, तीही मोजून मापून वापरायची. स्वॉशबकलर मात्र एकास एक लढतीत हूल न देताच दगाफटका करतो. कामाचं पात्र आहे, मान्य. पण थाप न मारताच काम झालं तर त्यात कसली मजा?

मला पटला तो ‘पाथफाइंडर’चा हिशोब. पायझो कंपनीने त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये काढली आणि २०२३ पासून तिची डागडुजी केलेली पुस्तकं आणली. इथे पाळीला सरळ तीन ॲक्शन मिळतात आणि हुलीची किंमत आहे फक्त एक. तुमचं फसवण्याचं कौशल्य विरुद्ध समोरच्याची नजर. जिंकलात तर तो बेसावध, म्हणजे त्याचा बचाव दोनाने घसरतो. आणि बेसावध माणसावर ‘रोग’ जातीच्या पात्राला दगाफटक्याचा एक जादा फासा मिळतो. (मराठीत लिहिलं की ‘रोग’ हे आजारासारखं वाचलं जातं, त्याला इलाज नाही.) साध्या पात्राची हूल पुढच्या एका वारापुरती टिकते. रोगांमधल्या ‘स्काउंड्रल’ घराण्याची मात्र त्याच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत टिकते. एकदा फसवा, दोन पाळ्या वसूल!

करिश्मा की चपळाई?

इथे सगळे करिश्म्याकडे धावतात. थापाड्या म्हणजे करिश्मा हवाच, आणि स्काउंड्रलला तो आपला मुख्य गुण म्हणून घेताही येतो. मी चपळाई ४ ठेवली आणि करिश्मा ३. कारण सोपं आहे. फसवण्याचं कौशल्य शिकून वाढतं. रोगाला दुसऱ्याच पातळीपासून दर पातळीला कौशल्यवाढ मिळते, त्यामुळे मैनाची हूल पहिल्या पातळीला ६ आणि दुसऱ्या पातळीला थेट ९. हत्यार चालवण्यातली बढती मात्र पाचव्या पातळीपर्यंत येत नाही. जे शिकून मिळणार नाही ते जन्मतः घ्यावं.

आता आकडे. कंटाळा आला तरी वाचा, सगळी गंमत यातच आहे. समजा समोर बचाव १५ आणि नजर १६ असलेला शिपाई आहे. मैनाच्या हातात रेपियर, म्हणजे बारीक टोकदार तलवार. हूल न देता तिन्ही ॲक्शन वार करण्यात घातल्या तर पाळीला सरासरी ६ च्या आसपास इजा होते, कारण दुसरा आणि तिसरा वार पाचापाचाने कमजोर होत जातो. एक हूल आणि दोन वार केले तर? हूल लागण्याची शक्यता ५५ टक्के. लागली तर सरासरी १२, फसली तर ५. गोळाबेरीज ९. म्हणजे सरळ लढण्यापेक्षा दीडपट!

पण थांबा. मित्र शत्रूच्या बरोब्बर मागे उभा राहिला तर शत्रू फुकटातच बेसावध होतो. मग तीन वारांचे साडेचौदा मिळतात. म्हणजे चारचौघांत हूल द्यायचीच नाही. ती एकटं पडल्यावरची चीज आहे.

आमच्या खेळात हे सगळं एका अरुंद दारात पणाला लागलं. तळघरात आमची वैद्य बेशुद्ध पडलेली, दोघे मित्र तिला वाचवायच्या खटपटीत, आणि जिन्यावरून पहारेकऱ्यांचा कप्तान उतरतोय. दारात मैना एकटी. पहिल्या पातळीला तिचा जीव १७, कप्तानाचा एक जोरदार फटका त्यातला अर्धा नेणार.

‘अगं, दार सोड,’ मित्र म्हणाला. दार सोडलं तर वैद्य गेली असती. आणि या खेळात गेलेलं पात्र सहजासहजी परत येत नाही. आठ महिने चालवलेला कागद फाडायचा, बस्स.

हूल. लागली. पहिला वार बसला, दुसरा हुकला. कप्तानाने ९ उतरवले. पुढच्या पाळीत तो अजून बेसावधच होता, त्यामुळे हूल न देता दोन वार केले, त्यातला एक बसला. तिसरी ॲक्शन मी पाऊलभर मागे सरकायला वापरली, म्हणजे मारण्याआधी त्यालाही एक ॲक्शन चालण्यात घालवावी लागली. तिसऱ्या पाळीत हूल फसली आणि टेबलावर कोणी बोलेना. तेवढ्यात वैद्य शुद्धीवर आली, आणि तिच्यापाशी बसलेला आमचा भालेवाला धावत, मैनाला वळसा घालून, कप्तानाच्या पाठीमागे पोचला. त्यानंतर हुलीची गरजच उरली नाही.

हूल देताना धोका असतो, हेही सांगून ठेवते. फासा फारच वाईट पडला तर उलटी तुम्हीच बेसावध होता. आणि ज्याला डोकंच नाही त्याला फसवणार कसं? झोंबी, चालते पुतळे, सांगाडे अशा बिनडोक मंडळींवर हूल चालतच नाही. म्हणून मैनाच्या कमरेला एक छोटी गदा आणि एक आखूड तलवारही आहे. सांगाड्याच्या हाडांवर रेपियरचं टोक फारसं चालत नाही, तिथे गदा बरी. झोंबी कापलेला बरा. असल्या लढाईत निमूटपणे मित्राच्या समोरची बाजू पकडायची आणि दगाफटक्याचा फासा तसा मिळवायचा. हे सामान विसरणारी थापाडी पात्रं पहिल्याच स्मशानात रडतात. चिखलाच्या गोळ्यासारखे ‘ऊझ’ समोर आले, तर दगाफटकाही बहुधा फुकट. तेव्हा मशाल धरा आणि जादूगाराला वाट द्या.

टेबलावर कोणाशी खोटं बोलायचं?

शत्रूशी, दरवानाशी, व्यापाऱ्याशी बिनधास्त बोला. आपल्या माणसांशी नाही. ‘माझं पात्रच तसं आहे’ म्हणून मित्राच्या पिशवीतलं सोनं ढापणारे महाभाग प्रत्येक ग्रुपला एकदा तरी भेटतात आणि त्यांच्या पायी चालू खेळ मोडतात. आमच्यात पहिल्याच दिवशी ठरलं: मैनाला गुपितं असतील, पण खेळाडूंना ती माहीत असतील. ती राजकन्या नसून फेरीवाल्याची मुलगी आहे, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या पात्रांना नाही. त्यामुळे तिने ‘माझ्या महालात...’ असं सुरू केलं की चौघंही हसू दाबत तिची री ओढतात. ही मजा चोरीत नाही.

आणि लढाईबाहेरच्या थापांसाठी ‘पाथफाइंडर’मध्ये एक भन्नाट नियम आहे. हुलीचा फासा तुम्ही उघड टाकता. पण खोटं बोललात किंवा वेश पालटलात, तर फासा जीएम गुपचूप टाकतो. आकडा तुम्हाला कळतच नाही. तुम्ही दरवानाला सांगता की आम्ही राणीसाहेबांचे शिंपी. पडद्यामागे फासा गडगडतो. दरवान तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या तलवारीकडे बघतो आणि म्हणतो, ‘बरं, जा आत.’

आता जायचं की नाही?