मोडीतून मूर्ती : बस्तरचे ढोकरा शिल्प

रायपूरच्या ‘शबरी’ विक्रीकेंद्रात मांडलेला ढोकरा शिल्पातील हत्ती वा घोडा हाती घेतला, की वजनावरून त्याच्या किमतीचा अंदाज बांधण्याचा मोह ग्राहकास होतो. हा अंदाज बहुधा चुकतो. अगदी लहान आकृत्या सोडल्या तर या वस्तू भरीव नसतात. वरचे पितळी कवच पातळ असते आणि तेही पुष्कळदा मोडीच्या पितळेचे. काही वस्तूंत मातीचा गाभा आतच राहतो. तेव्हा तराजूत मातीही तोलली जाते!

रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील कोंडागाव हे या कलेचे प्रमुख केंद्र. २०१२ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. येथील घडवा समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली असून, दिवंगत शिल्पकार जयदेव बघेल यांनी तिला देशाबाहेर ओळख मिळवून दिली. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली नर्तिकेची कांस्यमूर्ती याच पद्धतीने, म्हणजे मेणाच्या जागी धातू ओतून, घडविलेली आहे.

प्रथम माती व भाताचा कोंडा कालवून आकृतीचा गाभा घडवितात. तो वाळला, की त्यावर मधमाश्यांच्या मेणाचे बारीक दोरे गुंडाळले जातात. हे दोरे चकलीच्या सोऱ्यासारख्या साधनातून दाबून काढतात. डोळे, दागिने, झूल, सारे काही मेणाचेच. या कामात पडणारी मेणाची कात्रणे पुन्हा गोळ्यात मिसळून त्यांचे नवे दोरे होतात. त्यावर बारीक मातीचा लेप आणि मग जाड मातीचे आवरण चढते. मेण ६०-६५ अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने साचा भाजताना ते निघून जाते व त्याच्या पोकळीत वितळलेले पितळ उतरते. हे पितळ जुनी भांडी, तुटक्या वस्तू यांचे असते. धातू ज्या वाटेने आत गेला तेथे गोठलेला तुकडा कापून पुढील वेळी पुन्हा मुशीत टाकला जातो.

स्वस्त पदार्थ आत, मोलाचा बाहेर, हीच युक्ती शहरांतील छंदप्रिय मंडळी पॉलिमर क्लेबाबत वापरतात. उरलेले रंगीत तुकडे एकत्र मळले, की मळकट तपकिरी गोळा होतो. त्याचे मणी वळावेत आणि त्यांवर नव्या रंगाची पातळ पोळी चढवून वेष्टनावर दिलेल्या तापमानास, म्हणजे साधारणतः ११० ते १३० अंशांवर, भाजावेत. गाभा झाकला जातो आणि नवा रंग थोडाच लागतो. मात्र तुकडे न भाजलेलेच हवेत. भाजलेली क्ले पुन्हा मऊ होत नाही. पितळेला ही अडचण नाही. ते कितीही वेळा वितळते.

ढोकऱ्यात वाचविता न येणारी गोष्ट म्हणजे साचा. वस्तू बाहेर काढण्यासाठी तो फोडावाच लागतो. त्यामुळे दुसऱ्या घोड्यासाठी गाभ्यापासून पुन्हा प्रारंभ करावा लागतो, दोरे पुन्हा एकेक करून गुंडाळावे लागतात. शेजारी ठेवलेल्या, एकाच वजनाच्या दोन घोड्यांच्या किमती निराळ्या दिसल्या, तर ग्राहकाने त्यांच्या पाठीवरील झुलीचे दोरे निरखून पाहावेत.