बंदुकीला बदक दिसायचं कसं?

१९९० च्या दशकात माजिवड्याच्या आमच्या घरी टीव्ही गेम आला, तेव्हा त्याला कुणी कॉम्प्युटर म्हटलं नाही. होता मात्र तो कॉम्प्युटरच. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल. फॅमिकॉमचा प्रोसेसर ज्या ६५०२ चिपवर बेतला होता, त्याच ६५०२ वर १९७७ चा ॲपल टू चालायचा. कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तर अख्खा ४० किलोबाइटांत बसवलेला. मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटोही सहसा याहून जड भरतो. जागा वाचवायला ढगाचीच आकृती हिरवी करून झुडपं उभी केली. हे कळलं तेव्हा ती करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटला.

ती मेमरी वीज असेपर्यंतच आठवण ठेवायची. आठव्या वर्ल्डपर्यंत पोचलेला ताईचा मारिओ, दिवे जाऊन आले की पुन्हा सुरुवातीला उभा.

पण खरी नवलाई गेमसोबतच्या बंदुकीची. ‘डक हंट’ खेळताना आम्हा पोरांची खात्री होती, की नळीतून किरण सुटतो. प्रत्यक्षात बंदूक काहीच सोडत नव्हती. ती बघत होती. नळीत भिंग, त्यामागे उजेड ओळखणारा सेन्सर. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. काळ्यानंतर पांढरं दिसलं, तर नेम लागला. बदकं दोन असली तर चौकोनही एकामागून एक; उजेड कधी दिसला त्यावरून कोणतं पडलं ते ठरायचं. आधीचा काळोख अशासाठी, की दिव्यावर नळी रोखून कुणी फसवू नये. एकेक चित्र सेकंदाच्या साधारण साठाव्या भागापुरतं, त्यामुळे आपल्या डोळ्याला जाणवायची ती फक्त एक लुकलुक.

हे साधायचं जुन्या डबा टीव्हीमुळे. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ पडदा उजळत जायचा. सिग्नल आला की चित्र हजर. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून जाते.

गेल्या दिवाळीत माळ्यावरून खोका काढला आणि भाच्याला नव्या टीव्हीला जोडून दिला. मारिओ पळाला, बदकंही उडाली. पोरगा नळी पार पडद्याला टेकवून चाप ओढत राहिला. एकही पडेना.

“मामा,” तो म्हणाला, “हिला दिसत नाहीये.”